पाण्याचा मुद्दा आणि खजाना बावडी

बीडमध्ये नगरपालिकेची निवडणूक आली की उमेदवाराच्या पत्रकात पहिला मुद्दा पाण्याचा असतो. नाल्या, रस्ते, दिवे त्यामागून. मला तेव्हा शहराच्या दक्षिणेची खजाना बावडी आठवते. मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली. स्थापत्यकार राजा भास्कर. बावडीचे पाणी जमिनीखालच्या कालव्याने, केवळ उतारावरून, बलगुजार भागातल्या शेतीला जाई. मोटार नाही, वीजबिल नाही! आज शहराला माजलगाव धरणाचे पाणी लांबून उपसून आणावे लागते. नवी जलवाहिनी जरूर टाका. पण टाकी धुणे, गळती बुजवणे, गाळ काढणे यांसाठी दरवर्षी किती रक्कम ठेवणार, हे दारी आलेल्या उमेदवाराला मी विचारतो.