मोजक्या अकादम्यांचा मोह

इंग्लंडच्या रग्बी लीगमध्ये एक मत वर्षानुवर्षे बळावत गेले आहे. खेळणारी मुले थोडी आणि पैसा त्याहून थोडा, म्हणून चौदा-पंधराव्या वर्षीच गुणी मुले वेचावीत आणि मोजक्या सक्षम क्लबांच्या अकादम्यांत एकत्र आणावीत, असे हे मत. या पक्षात तथ्य नाही असे नाही. अकादम्या फार झाल्या की संघ कमकुवत होतात, सामने एकतर्फी होतात आणि त्यात ना जिंकणारा शिकतो ना हरणारा. पण अकादम्या कमी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

मुळात या वयात निवड कशाची होते? लीड्सच्या केविन टिल आणि स्टीफन कोबली यांच्या संशोधनात दिसले, की प्रादेशिक निवड-संघांत सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांचा भरणा असतो. तिथे वयोगट 1 सप्टेंबरपासून मोजतात. म्हणजे ही मुले गटात सर्वांत मोठी. रग्बी लीग हा अंगाला अंग भिडवण्याचा खेळ. त्यात दहा महिन्यांनी थोराड असलेला मुलगा प्रशिक्षकाला गुणी वाटतो आणि उशिरा वाढणारा घरी परततो. जेमी पीकॉकचे उदाहरण बोलके आहे. स्टॅनिंग्लीच्या हौशी क्लबातला हा खेळाडू विशी ओलांडल्यावर ब्रॅडफर्ड क्लबच्या मुख्य संघात आला, 2003 मध्ये ‘मॅन ऑफ स्टील’, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला आणि पुढे देशाचा कर्णधार झाला. निवडीचे दार सोळाव्या वर्षी कायमचे बंद झाले, तर असे किती जण बाहेर राहतील?

2021 मध्ये रग्बी फुटबॉल लीग या नियामक संस्थेने ब्रॅडफर्ड, कॅसलफर्ड आणि हल केआर या क्लबांना उच्चस्तरीय अकादमीचा परवाना नाकारला. गहजब झाला आणि काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला. ब्रॅडफर्डची आर्थिक घडी विस्कटली होती, हे खरे. 2017 मध्ये तो क्लब दिवाळखोरीतही गेला. पण सॅम बर्जेस, एलियट व्हाइटहेड, जॉन बेटमन हे तिन्ही आंतरराष्ट्रीय खेळाडू याच क्लबातून पुढे आले. क्लबाचा हिशेब आणि गावाची खेळाडू घडवण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परवाने देताना त्यांची गल्लत करणे घातक आहे.

इंग्लंडच्या वायव्य टोकाच्या कंब्रियाची स्थिती तर याहून कठीण. तिथला वर्किंग्टन टाउन हा क्लब 1996 साली सुपर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या पहिल्या हंगामात खेळला. त्यानंतर या परगण्यातला एकही क्लब तिथे पोचलेला नाही. तिथल्या मुलाला मोठी अकादमी हवी असेल तर दूर दक्षिणेला लँकेशायर गाठावे लागते. इतक्या लहान वयात घर सोडणे सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमत नाही, त्यांची ‘गुणवत्ता नव्हती’ अशी नोंद होते.

सामने चुरशीचे हवेत, तर दुर्बळ अकादम्यांनी शेजाऱ्याशी मिळून संघ उतरवावेत. खरी निवड अठराव्या वर्षापर्यंत खुली ठेवावी, कंब्रियात प्रशिक्षक पाठवावेत आणि व्यावसायिक करार झाला की ज्या हौशी क्लबाने मुलगा घडवला त्याला त्याचा वाटा मिळावा. परवान्यांची संख्या ठरवण्याआधी नियामकांनी एवढे करावे.