चित्रपट कामगारांचा पगार : हजेरीपटापासून बँक खात्यापर्यंत

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पडद्यामागे राबणारे लाइटमन, स्पॉटबॉय, सेट उभारणारे सुतार-रंगारी आणि वेशभूषा-रंगभूषेचे मदतनीस यांना मजुरी मिळण्याची पद्धत शंभर वर्षांत अनेकदा बदलली. केलेल्या कामाची लेखी नोंद कोणाकडे राहते, यावर प्रत्येक काळात कामगाराचे संरक्षण अवलंबून राहिले.

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या (1913) वेळी हा व्यवसाय घरगुती स्वरूपाचा होता. चमूतल्या सर्वांचा स्वयंपाक फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. बोलपटांच्या काळात स्टुडिओ हा कारखान्यासारखा चालू लागला. 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन होऊन 1933 मध्ये पुण्यास आलेली 'प्रभात' आणि 1934 मध्ये मालाडला सुरू झालेली 'बॉम्बे टॉकीज' या कंपन्यांत नट, तंत्रज्ञ व कामगार मासिक पगारावर असत. चित्रीकरण नसले तरी नोकरी टिके आणि कोण कामावर आहे हे कंपनीच्या दफ्तरात दिसे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काळा पैसा या धंद्यात शिरला आणि एकेका चित्रपटापुरते भांडवल उभे करणारे निर्माते वाढले. नामवंत कलाकार स्टुडिओ सोडून स्वतंत्रपणे काम करू लागले. एस. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीचा अहवाल 1951 मध्ये आला, तेव्हा स्टुडिओव्यवस्था ढासळत होती. 1953 मध्ये 'प्रभात' बंद पडली. आता मालक दर चित्रपटाला बदलू लागला. पगाराच्या जागी शिफ्टवर मजुरी आली. प्रॉडक्शन मॅनेजर व्हाउचरवर सही घेऊन रोख पैसे देई. चित्रपट मध्येच अडकला की थकलेली मजुरी मागायची कोणाकडे, हा प्रश्न उरे.

त्यावरचे पहिले उत्तर संघटनेने दिले. 1956 मध्ये फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज हा महासंघ स्थापन झाला आणि निरनिराळ्या कामांच्या संघटना त्याच्या छत्राखाली आल्या. संघटनेचे कार्ड ही कामगाराची ओळख ठरली. निर्मात्यांच्या संघटनांशी दर ठरवणे आणि थकबाकीसाठी असहकार पुकारणे ही महासंघाची मुख्य साधने झाली.

कायदा त्यानंतर पाव शतकाने आला. 1981 च्या सिने-कामगारविषयक कायद्याने ठरावीक मोबदल्यापर्यंतच्या कामगारांशी लेखी करार करणे व तो नोंदवणे बंधनकारक केले. किमान तीन कथापटांत काम केलेल्यांना, निर्माते वेगवेगळे असले तरी, भविष्य निर्वाह निधीची तरतूद लागू झाली. फिरत्या मालकांच्या धंद्यात हे तत्त्व महत्त्वाचे होते.

मजुरी देण्याच्या माध्यमाचा कायदाही हळूहळू बदलला. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात मजुरी नाण्यांत किंवा नोटांत देण्याचे बंधन होते. 1976 मध्ये कामगाराच्या लेखी संमतीने धनादेश किंवा बँक खात्याचा मार्ग खुला झाला. 2017 मध्ये त्या संमतीची अटही गेली. त्याआधी नोव्हेंबर 2016 मधील नोटाबंदीने रोखीवर चालणाऱ्या सेटची कोंडी केली होती. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले, तेव्हा मदत थेट खात्यांत जमा व्हावी म्हणून महासंघाला सभासदांचे बँक तपशील गोळा करावे लागले.

आज एखाद्या निर्मितीसंस्थेत नाव नोंदवताना कामगाराकडून पॅन, आधार आणि पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला धनादेश घेतला जातो. भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, निर्माता बदलला तरी तोच राहतो. कापलेला कर पॅनवर नोंदला जातो. पैसे मिळाल्याचा पुरावा त्यामुळे कामगाराच्याच हाती येतो. मात्र किती मजुरी मिळायची आणि केव्हा, हे बँक खाते ठरवत नाही. ते ठरवण्यासाठी लेखी करारच लागतो आणि कामगाराने कामाला लागण्यापूर्वी त्याची प्रत मागून घेतली पाहिजे.