साधना : अ वे टू गॉड

साधना : अ वे टू गॉड हे जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांचे ख्रिस्ती प्रार्थनेविषयीचे इंग्रजी पुस्तक आहे. आणंद येथील गुजरात साहित्य प्रकाशनाने ते १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. ख्रिस्ती साधना पौर्वात्य पद्धतीने कशी करावी, हा त्याचा विषय होय.

पार्श्वभूमी

डिमेलो यांचा जन्म मुंबईतील गोवेकर कुटुंबात झाला. १९४७ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले. बार्सिलोना, शिकागो व रोम येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. पुण्यात त्यांनी सुरू केलेली साधना संस्था पुढे लोणावळ्यास गेली. तेथे प्रामुख्याने धर्मगुरू व धर्मभगिनी येत. प्रार्थना हाच ज्यांचा नित्यनेम, अशी माणसेही आपल्याला प्रार्थना करता येत नाही अशी तक्रार करीत. सुमारे पंधरा वर्षांच्या अशा मार्गदर्शनातून हे पुस्तक सिद्ध झाले.

स्वरूप

जागरूकता, कल्पना आणि भक्ती अशा तीन भागांत पुस्तकातील अभ्यास मांडले आहेत. पहिल्या अभ्यासात साधकाने दहा मिनिटे केवळ शांत बसावयाचे असते. बहुतेकांना ते साधत नाही. मन सैरावैरा धावते. डिमेलो यास अपयश मानीत नाहीत. मन किती भटकते हे प्रथमच ध्यानात येणे, हीच मौनाची पहिली मिळकत, असे ते सांगतात. पुढे अंगावरील वस्त्राचा स्पर्श, कानांवर पडणारे आवाज व श्वास यांकडे लक्ष दिले जाते. श्वास लांबवावयाचा नाही, फक्त पाहावयाचा, ही सूचना विपश्यनेच्या अभ्यासकास ओळखीची वाटेल. बौद्ध साधनेचे हे ऋण लेखक लपवीत नाही.

भक्तिविभागात पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेतील 'येशूप्रार्थना' येते. येशूचे नाव श्वासाबरोबर घोळवीत राहण्याची ही रीत म्हणजे नामस्मरणच. सहस्रनामांच्या धर्तीवर येशूला आपल्या अंतःकरणातून हजार नावे द्यावीत, असाही एक अभ्यास आहे. अभंगातून ख्रिस्तभक्ती गाणाऱ्या नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) महाराष्ट्रात हे फारसे नवलाचे नव्हते.

मौन आणि मनोबल

स्थिर बसल्याने संकट टळते, असा दावा पुस्तकात नाही. प्रार्थना डोक्यात अडकली की ती विचारांची उलाढाल होते, म्हणून आधी इंद्रियांकडे परतावे, असा त्याचा रोख आहे. जीवनातील आनंदाचे क्षण स्मरणात पुन्हा जगल्यास कठीण काळासाठी बळ साठते, असे लेखकाचे प्रतिपादन आहे. रिकाम्या खुर्चीची कथा पुस्तकातील सर्वांत हृद्य भाग म्हणावा लागेल. प्रार्थना सोडून दिलेल्या एका आजारी वृद्धास त्याचा मित्र सुचवितो, की समोर खुर्ची ठेव, तीवर येशू बसला आहे असे मान आणि बोल. तो वृद्ध निधन पावतो, तेव्हा त्याचे मस्तक त्या खुर्चीवर टेकलेले आढळते.

आक्षेप

ख्रिस्ती प्रार्थना हा व्यक्तिरूप देवाशी संवाद असल्याने, मनाची शांतता व देवाची भेट एकच मानल्यास संवादातील दुसरा पक्षच लोप पावतो, ही टीकाकारांची धास्ती आहे. ती निराधार म्हणता येत नाही. व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त मंडळाने ऑक्टोबर १९८९ मध्ये ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र काढून, पौर्वात्य पद्धती स्वीकारताना सावधगिरी बाळगावी असे सुचविले. डिमेलो यांचे निधन त्यापूर्वीच, २ जून १९८७ रोजी न्यूयॉर्क येथे झाले होते. १९९८ मध्ये याच मंडळाने कार्डिनल योझेफ रात्सिंगर यांच्या स्वाक्षरीने थेट डिमेलोंच्या लेखनाविषयी अधिसूचना काढली. ते ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून उत्तरोत्तर दूर जाते, असे तीत म्हटले होते. सुरुवातीच्या पुस्तकांतील काही उताऱ्यांवरही आक्षेप होता. तथापि त्यांत याचना, मध्यस्थी, स्तुती आणि ख्रिस्तजीवनाचे चिंतन आढळते, हे अधिसूचनेनेच मान्य केले. डिमेलोंच्या पुस्तकांच्या नंतरच्या काही आवृत्त्यांत, ती कॅथलिक श्रद्धावंतांसाठी मार्गदर्शिका म्हणून लिहिलेली नाहीत, अशी टीप आढळते. 'साधना'ला मात्र ती नीटशी लागू पडत नाही, कारण तिच्यातील बहुसंख्य भक्तिपर अभ्यास येशूलाच उद्देशून आहेत.