परसबागेतील भाजीपाला : फवारणीआधी निदान आवश्यक

परसबागेतील किंवा गच्चीवरील भाजीची पाने पिवळी पडू लागली की अनेकजण थेट कीटकनाशकाकडे वळतात. मात्र घरगुती बागेतील बऱ्याचशा तक्रारींचे मूळ पाणी, ऊन किंवा परागीभवन यांत असते आणि त्यांवर फवारणीचा उपयोग होत नाही. ही भाजी तोडल्यावर काही तासांतच कुटुंबाच्या ताटात येत असल्याने, उपायापूर्वी कारण ओळखणे महत्त्वाचे ठरते.

पाणी

माती ओली असूनही रोप मलूल दिसत असेल, तर मुळे कुजत असल्याची शक्यता असते. अशा वेळी आणखी पाणी दिल्यास हानी वाढते. बोट एक इंच मातीत खुपसून पाहावे आणि ओल लागली नाही तरच पाणी द्यावे. कुंडीच्या तळाची छिद्रे मोकळी ठेवावीत. कोवळी रोपे मातीलगत कुजून कोलमडत असतील, तर दाट पेरणी आणि अतिओलावा टाळावा.

टोमॅटोचा खालचा भाग काळा पडणे हा संसर्गजन्य रोग नाही. पाणी अनियमित मिळाल्याने फळापर्यंत पुरेसे कॅल्शियम पोहोचत नाही व हा दोष उद्भवतो. नियमित पाणी आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन हा त्यावरील मुख्य उपाय होय.

ऊन आणि पोषण

टोमॅटो, वांगी, मिरची या फळभाज्यांना दिवसाकाठी किमान सहा तास ऊन लागते. पालेभाज्या त्याहून कमी उन्हातही येतात. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असल्यास नत्राची कमतरता संभवते. अशा वेळी कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत द्यावे. कोवळी पाने पिवळी, परंतु त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते.

फुले येतात, फळे धरत नाहीत

दुधी, कारली, काकडी यांच्या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात व सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात. त्यामुळे ती गळून पडल्यास चिंतेचे कारण नाही. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. मधमाश्या फिरकत नसतील, तर नर फुलातील पराग मादी फुलाला हाताने लावावेत. कारली व काकडीसाठी हे काम सकाळी, तर दुधीची फुले सायंकाळी उमलत असल्याने त्यासाठी सायंकाळी करावे. टोमॅटोची फुले कडक उन्हाळ्यात गळतात. तापमान उतरल्यावर फळधारणा पूर्ववत होते.

कीड आणि विषाणू

टोमॅटोची पाने आकसून वळणे किंवा भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणे ही विषाणूजन्य रोगांची लक्षणे असू शकतात. या रोगांचा प्रसार पांढरी माशी करते. रोगग्रस्त रोप बरे होत नाही. ते उपटून नष्ट करावे आणि माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. रोगप्रतिकारक वाण निवडणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली 'परभणी क्रांती' ही भेंडी आणि बंगळुरू येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेचे 'अर्का रक्षक' हे टोमॅटोचे संकरित वाण ही त्याची उदाहरणे होत.

मावा अल्प प्रमाणात असेल, तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन निघतो. वांग्याचे सुकलेले शेंडे आणि किडलेली फळे अळीसह काढून टाकावीत. आवश्यकता भासल्यास पाच टक्के निंबोळी अर्क वापरता येतो. त्यासाठी एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळावी, त्यात थोडा साबण मिसळावा व सायंकाळी फवारणी करावी.

रासायनिक औषधांबाबत दक्षता

मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापरास २००५ मध्ये मनाई करण्यात आली, तर एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. घरात उरलेली जुनी किंवा अन्य पिकांसाठीची औषधे भाजीवर वापरू नयेत. मान्यताप्राप्त औषध वापरल्यास वेष्टनावर नमूद केलेला प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत भाजी तोडू नये.

निदानाबाबत शंका असल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा २००४ मध्ये सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधता येतो. तेथे मराठीसह विविध भारतीय भाषांत मार्गदर्शन मिळते.