दूधसागर धबधबा

गोवा-कर्नाटक सीमेवर, सह्याद्रीच्या कड्यावरून चार टप्प्यांत कोसळणारा धबधबा. उंची सुमारे ३१० मीटर. दूधसागर नदीचे हे पाणी पुढे खांडेपार नदीतून मांडवीला मिळते. परिसर भगवान महावीर अभयारण्य आणि त्यातील मोले राष्ट्रीय उद्यानात येतो. येथील दाट जंगलात गवे, बिबटे व शेकरू आढळतात.

धबधब्याचे अर्धे नाव लोहमार्गाने केले आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदर देशावरच्या प्रदेशाशी जोडण्यासाठी हा मार्ग १८८०च्या दशकात बांधला गेला. कॅसलरॉक ते कुळे हा त्याचा घाटातला भाग सुमारे २६ किलोमीटरचा आहे. चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र असल्याने गाडीला मागूनही इंजिने लावावी लागतात. धबधब्याच्या मध्यावर दगडी कमानींचा पूल आहे. त्यावरून गाडी जाताना पावसाळ्यात तुषार थेट डब्यात येतात. २०१३ च्या ‘चेन्नई एक्सप्रेस’ या हिंदी चित्रपटातील दृश्यामुळे ही जागा देशभर पोचली.

धबधब्याचे खरे रूप जून ते सप्टेंबरमध्ये दिसते. मात्र नेमके तेव्हाच त्याच्या पायथ्याशी जाता येत नाही. कुळ्याहून जंगलात जाणाऱ्या जीपगाड्यांना ओढे ओलांडावे लागतात, त्यामुळे पावसाळ्यात ही सेवा बंद असते. पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून, ती पुन्हा सुरू होते. भर पावसातला दूधसागर पाहायचा तर रेल्वेने जाणे हाच सर्वांत चांगला मार्ग. रुळांवरून चालत जाणे हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. बोगदे आणि अरुंद वळणे यांमुळे ते जिवावरही बेतू शकते. पायथ्याच्या डोहात उतरण्यासाठी जीवरक्षक जाकीट सक्तीचे आहे. पाणी ओसरलेल्या दिवसांतही डोह खोल असतो व खडक निसरडे, म्हणून हा नियम मनापासून पाळावा असाच आहे.

या घाटातील लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला २०२० पासून गोव्यात मोठा विरोध झाला. विद्यार्थी, कलावंत आणि शास्त्रज्ञ त्यात पुढे होते. त्यांची चिंता रास्त होती, कारण धबधब्याला पाणी पुरवणारे जंगलच त्यात तुटणार होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये या प्रकल्पाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.