अशक्त देहाचा योग : अमळनेर, धुळे आणि पुढे



आजचा विषय वैद्यकाचा वाटेल, पण आम्ही तो इतिहासाच्या बाजूनं मांडणार आहोत. सत्तरी ओलांडलेलं माणूस कर्करोगाच्या उपचारांतून पार पडतं. जळगाव-धुळ्याकडची कितीतरी माणसं त्यासाठी मुंबई गाठतात आणि गावी परततात. रिपोर्ट चांगला असतो, पण अंगात त्राण नसतं. घरचे मायेनं म्हणतात, ‘पडून राहा.’ शेजारी म्हणतो, ‘योग करा, रोग परत फिरकणार नाही.’ या दोन सल्ल्यांच्या मध्ये काही वाट आहे का? आमच्या मते आहे, आणि तिचे दोन धागे आपल्या खान्देशातूनच जातात.

पहिला धागा अमळनेरचा. 1916 साली प्रताप शेठ यांच्या पुढाकारानं तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. त्याच सुमारास जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षक अमळनेरात राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात होते. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद. जन्म 1883चा. बडोद्याला माणिकरावांच्या तालमीत त्यांनी शरीर कमावलं आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासांकडून योग घेतला. तो काळ बलोपासनेचा होता. गुलाम देशातल्या तरुणानं दंड-बैठका काढाव्यात, छाती रुंद करावी, ही तेव्हाची हाक. गुण्यांनी ती ऐकली होतीच, पण त्यांचा प्रश्न आणखी पुढचा होता. योगी जे सांगतात, ते शरीरात खरंच घडतं का?

मग त्यांनी काय केलं, तर नौली आणि उड्डियान करणाऱ्याला क्ष-किरण यंत्रासमोर उभं केलं, पोटातला दाब मोजला. 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन झालं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघालं. लोक समजत होते की प्राणायामानं भरपूर ऑक्सिजन मिळतो आणि तेच त्याचं मोल. प्राणायामाचं खरं मोल तिथे नाही, असं कुवलयानंदांनी मांडलं. आम्हाला यात मोठी गोष्ट दिसते. श्रद्धा असलेल्या माणसानं आपल्याच श्रद्धेला मोजपट्टी लावली.

दुसरा धागा धुळ्याचा, आणि तो थेट तुरुंगातून येतो. 1932 साली धुळ्याच्या कारागृहात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. गुरुजीही त्याआधी अमळनेरलाच शिक्षक होते, बरं का. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी जीवनाच्या परिमिततेवर भर दिला. गीता तिथे म्हणते की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. म्हणजे आपल्या आजोबांना दिलेला ‘पडून राहा’ हा सल्ला त्यात बसत नाही, आणि ‘दमेपर्यंत करा’ हाही बसत नाही.

मोजणं आणि मित राहणं. हे दोन्ही एकत्र आल्याशिवाय अशक्त माणसाला योग उपयोगी पडत नाही, एवढंच आम्हाला आज सांगायचं आहे.

पुढचा टप्पा पुण्याचा. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले. लहानपणी ते स्वतः आजारांनी खंगलेले होते. आसन शरीराच्या मापाचं व्हावं म्हणून त्यांनी लोड, घोंगडी, खुर्ची, भिंतीचे दोर वापरले. आधार घेणं म्हणजे कमीपणा, ही तालमीची समजूत इथे मोडली. त्यांच्या परंपरेत शिकलेल्यांनी अमेरिकेत विश्रांतीची, आधार घेऊन करायची आसनं रुजवली.

त्यातून 2013चा एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या पुढाकारानं 410 कर्करोगमुक्त माणसं घेतली. निम्म्यांना चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, 75 मिनिटं सौम्य हठयोग, श्वसन आणि ध्यान दिलं. त्यांची झोप इतरांपेक्षा सुधारली. पण मोजपट्टी इथेही हातात ठेवा. त्यातल्या बहुतेक स्त्रिया होत्या, स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या, आणि सरासरी वय पन्नाशीतलं. काठी टेकत चालणाऱ्या ऐंशीच्या आजीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही स्तनाच्या कर्करोगाच्या 850 रुग्णांवर योगाची चाचणी घेतली. तिथे योग हा उपचारांच्या जोडीला होता, उपचारांच्या जागी नव्हे. शेजाऱ्याला सांगायचं ते हेच.

आता ‘पडून राहा’कडे वळू. या आजारानंतरचा थकवा नुसत्या झोपेनं जात नाही. उलट म्हातारपणी अंथरुणावर पडून राहिलं की मांडीचे स्नायू भराभर झिजतात, मग उठताना तोल जातो. काही केमोथेरपीनंतर पाय बधिर होतात, पाऊल कुठे पडलं ते कळत नाही. म्हणून सुरुवात खुर्चीवरून. खुर्ची भिंतीला टेकलेली, पाय जमिनीवर, जवळ कुणीतरी. श्वास घेताना हात झेपेल तितके वर, सोडताना खाली. घोटे फिरवणं. हाताला धरून दोन-चार वेळा उठणं-बसणं. शेवटी डोळे मिटून सावकाश श्वास. पाच-दहा मिनिटं पुरेत.

हाडात रोग पसरलेला असेल, हाडं ठिसूळ असतील, हाताला सूज असेल, रक्तातल्या प्लेटलेट कमी असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. श्वास कोंडणं, जोरात कपालभाती, कमरेत वाकणं-पिळणं या माणसांसाठी नाही. चक्कर, छातीत दुखणं, नवीन वेदना जाणवली की थांबायचं.

आणि मोजायचं कसं? त्याला यंत्र लागत नाही. कॅलेंडरवर रोज लिहा. झोप किती लागली, आधाराशिवाय किती वेळा उठता आलं, दुसऱ्या दिवशी थकवा वाढला की उतरला. वाढला तर माप कमी करा. महिन्यानं तो कागद डॉक्टरांना दाखवा.

बलोपासनेच्या पिढीनं विचारलं, देह किती बलवान होईल? आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न छोटा आहे. ‘ओट्यापर्यंत माझं मी जाऊ शकेन का?’ तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं आम्ही हा प्रश्न लहान मानत नाही. एवढं बोलून थांबतो.