पुढची दोन चाकं

परवा आमच्या भाच्यानं एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्याला घरची थार चिखलात न्यायची आहे. कागदावर विंच, लोखंडी बंपर, चिखलाचे टायर, गाडी उंच करायचं सामान आणि टपावरचे दिवे, अशी यादी होती. बेरीज अडीच लाख. खिशात वीस हजार.

"मामा, एवढं केलं की गाडी चिखलात जायला तयार."

"एवढ्या पैशात चिखलच घरपोच येईल," मी म्हटलं. "आधी गाडीखाली जाऊन बघ."

त्याला वाटलं, मामा थट्टा करतोय. पण आमच्या घरची जीप एकदा पावणेदोनशे रुपयांत चिखलासाठी तयार झाली होती, आणि त्यातला मुख्य भाग तर फुकटच होता. ते सांगायचं तर १९४० सालापासून सुरुवात करायला हवी. घाबरू नका, लवकरच सोलापूरला परत येतो.

त्या वर्षी अमेरिकन लष्कराला चारी चाकांना जोर असलेली एक हलकी गाडी हवी होती. नमुना ४९ दिवसांत द्या म्हणाले. (आपल्याकडे ४९ दिवसांत टेंडरचा फॉर्म मिळाला तरी आपण पेढे वाटतो.) बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या कारखान्यानं तो सप्टेंबरात करून दाखवला. मग विलीज आणि फोर्ड पुढे सरसावले. विलीजचं इंजिन दणकट होतं, पण गाडी जड भरली. मर्यादा सुमारे ९८० किलोची. तेव्हा त्यांचा मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यानं बोल्टांची जास्तीची लांबी कापली, पत्रे पातळ केले आणि शेवटी रंगाचा एकच हात मारला तेव्हा कुठे वजन बसलं! जीप ही जन्मापासूनच मध्यमवर्गीय आहे, हे माझं मत या रंगाच्या गोष्टीवरून झालेलं आहे. पुढे युद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त गाड्या काढल्या.

युद्ध संपल्यावर जीप शेतकऱ्याच्या कामाला लागली आणि १९४७ साली महिंद्रांच्या मार्फत सुट्या भागांच्या रूपानं मुंबईला पोचली. आता सेकंडहँड जीप घेताना फसणारे आपण पहिलेच, असं कोणी मानू नये. १९४८ साली खुद्द भारत सरकारनं लंडनहून दोन हजार दुरुस्त केलेल्या जीप मागवल्या. आल्या १५५, आणि त्याही कामाच्या निघाल्या नाहीत. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळा तो हाच.

त्याच १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादची पोलिस ॲक्शन झाली. मेजर जनरल जे. एन. चौधरींची मुख्य फौज सोलापुराहून निघाली आणि १३ तारखेला नळदुर्ग घेतलं. आमचं शेत त्याच रस्त्यावर, बोरामणीपासून आत दोन कोस. आजीनं जन्मातली पहिली जीप तेव्हा पाहिली. सप्टेंबरातल्या काळ्या रानात उतरलेली ती जीप आजीच्या मनात पक्की बसली. त्याचा उपयोग तीस वर्षांनी झाला.

मधल्या काळात १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध झालं, तेल कडाडलं आणि पेट्रोलवरची जीप पोसणं म्हणजे दारात हत्ती बांधणं झालं. काहींनी डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. काहींनी पुढच्या चाकांना जोर पुरवणारा शाफ्टच काढून ठेवला. आपण डांबरावरच फिरतो, पुढच्या चाकांना कशाला पोसा? पेट्रोल थोडं वाचायचं, समाधान मात्र पुष्कळ मिळायचं.

आप्पांनी १९७८ साली एका कंत्राटदाराकडून आमची जीप घेतली. आत तीन दांडे होते. एक गिअरचा. दुसरा चारी चाकांचा. तिसऱ्याला आई भाजीची पिशवी अडकवायची. पुढच्या वर्षी हस्ताचा पाऊस कोसळत असताना निरोप आला, की आजी घसरून पडली, पाय मोडला. आप्पा मला घेऊन निघाले. डांबर सोडून आत फर्लांगभर गेलो आणि काळ्या मातीनं गाडी धरली. ज्यांनी ही माती पाहिली नाही त्यांना सांगतो, ती चाकाला लागत नाही, चाक गिळते. आप्पांनी दुसरा दांडा ओढला, जोरात ओढला, देवाचं नाव घेऊन ओढला. मागची चाकं गरगरत बसली.

शेवटी गड्यानं आजीला बैलगाडीत घालून तिथवर आणलं. मग तेच बैल सोडून जीपला जुंपले. पाय फळीला बांधलेला, चेहरा दुखण्यानं पांढरा पडलेला, पण आजीचं लक्ष चाकांकडे.

"आप्पा, पोलिस ॲक्शनच्या टायमाला त्या जीपची पुढची चाकंबी माती उडवायची. तुझी गप बसलीत की रे."

आप्पा काही बोलले नाहीत. आजीचा पाय प्लॅस्टरात गेल्यावर मात्र ते तडक मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि तिथूनच हसला.

"मालक, पुढचा शाफ्टच न्हाई की ओ! कंत्राटदारानं दिला नव्हता का, पोत्यात बांधून?"

दिला होता. वर्षभर आमच्या फाटकाला टेकू देऊन तोच उभा होता.

शाफ्ट घासून बसवला. क्रॉस नवे टाकले, ग्रीस भरलं, नटबोल्ट आवळले. वर मिस्त्रीनं बजावलं, "डांबरावर हा दांडा ओढायचा न्हाई. वळताना पुढची चाकं जास्त चालतात, मागची कमी. मध्ये सगळं पिळवटतं. मऊ रानातच ओढा." टपावरचं लोखंडी कॅरिअर आणि मागचं जाडजूड बाकडं आप्पांनी उतरवलं. (रंगाला मात्र हात लावला नाही.) पेट्रोलच्या रिकाम्या डब्याशेजारी तुराट्यांची एक पेंढी ठेवली, चाक रुतलं तर खाली घालायला. एकूण पावणेदोनशे.

प्लॅस्टर निघालं आणि आजीनं वस्तीवर जायचा हट्ट धरला. ज्वारीची पेरणी आपल्यावाचून अडली आहे, अशी तिची समजूत. त्यातून शहरात आपला जीव गेला तर, ही भीती. ती बोलत नव्हती, पण आम्हाला कळत होती. डॉक्टर म्हणाले, न्या, पण हिसके बसता कामा नयेत. आदल्या रात्री अवकाळी सर येऊन गेली होती.

मागे चार सोलापुरी चादरींच्या घड्यांवर आजी. डांबर संपल्यावर आप्पांनी चारी चाकांतली थोडी हवा सोडली, दुसरा दांडा ओढला आणि ॲक्सिलेटरवर पाय अगदी हलका ठेवला. गाडी थबकली. मग पुढच्या चाकांनी माती पकडली आणि गाडी कासवासारखी, न थांबता, निघाली. आप्पांच्या कपाळावर घाम. मी श्वास रोखलेला. आजी मागच्या पडद्यातून सारखी बाहेर बघत होती.

वस्तीवर पोचल्यावर कळलं ती काय बघत होती. फर्लांगभर मागून गडी बैलजोडी घेऊन येत होता. तिनंच आदल्या दिवशी निरोप धाडला होता.

खाटेवर टेकल्यावर तिनं आधी बैलांना वैरण टाकायला सांगितली. मग आप्पांना चहा.